संशय आणि शेजार

2025 सालच्या जुलै महिन्यांत मुंबईंतील न्यायालयांनीं दहा दिवसांच्या अंतरानें दोन निकाल दिले. 21 जुलै रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें 2006 सालच्या लोकल गाड्यांतील बाँबस्फोटांच्या खटल्यांत शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरविलें. 31 जुलै रोजीं विशेष न्यायालयानें 2008 सालच्या मालेगांव स्फोटाच्या खटल्यांतील सातही आरोपींची मुक्तता केली. पहिल्या खटल्यांतील आरोपी सारे मुसलमान होते, दुसऱ्यांतील सारे हिंदु. कायद्याची परिभाषा बाजूस ठेविली तर दोन्ही निकालांचें सार एकच होतें: फिर्यादी पक्षाला गुन्हा शाबीत करतां आला नाहीं.

श्रोतेहो, त्या दहा दिवसांत आपल्या सुशिक्षित घरांतून काय बोललें गेलें, तें क्षणभर आठवून पाहा. पहिल्या निकालावर दिवाणखान्यांत उमटलेला उद्गार होता, "सुटले कसे?" आणि दुसऱ्या निकालावरचा उद्गार होता, "विनाकारण अडकविलें होतें बिचाऱ्यांना!" मी कोणा एका घराची गोष्ट सांगत नाहीं. आमच्या बुलढाण्यासारख्या डोंगरमाथ्यावरच्या शांत गांवींही हींच दोन वाक्यें ह्याच क्रमानें ऐकूं आलीं. पुण्या-मुंबईस कांहीं निराळें बोललें गेलें असेल असें मला वाटत नाहीं. कांहीं घरांत तीं उलट क्रमानें बोललीं गेलीं हेंही खरें आहे, आणि माझें आजचें म्हणणें त्या घरांनाही तितकेंच लागू आहे. मात्र एक तिसरें वाक्य फार थोड्या ठिकाणीं उच्चारलें गेलें. "मग बाँब ठेविले तरी कोणीं?" हें तें वाक्य. गाड्यांच्या स्फोटांत 189 माणसें मेलीं होतीं. मालेगांवच्या भिक्कू चौकांत, 29 सप्टेंबर 2008 च्या रात्रीं, सहा माणसें मेलीं आणि शंभराच्या आसपास जखमी झालीं. हीं माणसें कोणाच्या तरी हातून मेलीं. आणि तो हात कोणाचा, हें अजून ठरावयाचें आहे. परंतु आपल्या मनांत तें केव्हांच ठरून गेलेलें होतें, म्हणून तर न्यायालयाच्या निकालाचें आपणांस आश्चर्य वाटलें किंवा समाधान झालें.

सरकारी पातळीवरही दोन निकालांचें स्वागत सारखें झालें नाहीं. पहिल्या निकालाविरुद्ध राज्य सरकारनें दुसऱ्याच दिवशीं सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठाविलें, आणि 24 जुलै रोजीं त्या न्यायालयानें हा निकाल अन्य खटल्यांत आधार म्हणून दाखवितां येणार नाहीं असा हुकूम दिला. सुटलेल्यांना पुन्हां तुरुंगांत मात्र धाडलें नाहीं. मालेगांवच्या निकालावर सप्टेंबरमध्यें उच्च न्यायालयांत अपील गेलें, तें स्फोटांत बळी पडलेल्यांच्या नातेवाइकांचें.

ह्या विषयाची नाडी सांपडते ती मालेगांवच्याच आणखी एका स्फोटांत. हा स्फोट दोन वर्षें आधींचा. 8 सप्टेंबर 2006, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. दुपारचा नमाज आटोपून लोक बाहेर पडत असतां हमिदिया मशीद आणि बडा कब्रस्तान ह्या परिसरांत स्फोट झाले. तीसाहून अधिक माणसें ठार झालीं. मेलेले मुसलमान, जागा मशीद व कब्रस्तानची, दिवस त्यांच्या पितरांच्या स्मरणाचा. आणि लवकरच पोलिसांनीं पकडलेले नऊ तरुणही मुसलमानच! दंगा पेटावा म्हणून मुसलमानांनींच मुसलमानांना मारलें, असा पोलिसांचा तर्क होता. त्या तर्काविषयीं फारशी शंका कोणीं घेतली नाहीं. वृत्तपत्रांनीं तो छापला, आणि आपण तो चहाबरोबर वाचला.

ते नऊ जण पांच वर्षें तुरुंगांत होते. 2011 च्या नोव्हेंबरांत त्यांना जामीन मिळाला. पुढें राष्ट्रीय तपास यंत्रणेनें तपास उलटा फिरवून हिंदु जहाल गटाशीं संबंधित अशा दुसऱ्याच मंडळींवर दोषारोप ठेविले, आणि 25 एप्रिल 2016 रोजीं न्यायालयानें ह्या पहिल्या आरोपींना दोषमुक्त केलें. तोंवर नवांपैकीं एक जण मरण पावला होता, म्हणून आठच जण मुक्त झाले. त्या वेळीं न्यायालयानें जी शंका बोलून दाखविली ती शाळकरी मुलालाही सुचावी अशी होती. स्फोटापूर्वीं दोनच दिवस आधीं गणेशविसर्जन होऊन गेलें होतें. दंगाच पेटवावयाचा असता तर मुसलमान कटवाल्यांनीं ती गर्दी सोडून आपल्याच नमाजाची वेळ कां निवडावी? इतकी साधी शंका दहा वर्षें कोणाला सुचली नाहीं, ती कां? मला वाटतें, ती सुचण्याची गरजच कोणास भासली नाहीं. स्फोट म्हटला कीं आरोपीचें नांव कसलें असणार, हें आधींच ठरलेलें होतें.

आणखी एक तपशील सांगतों. त्या नवांपैकीं दोघे लोकल गाड्यांच्या खटल्यांतही आरोपी होते. मालेगांवच्या प्रकरणांतून सुटल्यावरही ते तुरुंगांतच राहिले, आणि 2025 च्या 21 जुलैला जे बारा जण निर्दोष ठरले त्यांत तेही होते. त्या बारांपैकीं एक जण 2021 सालींच नागपूरच्या तुरुंगांत वारला होता. मेलेल्या माणसाची निर्दोष मुक्तता होते, तेव्हां तिचा कागद कोणाच्या हातीं देतात, हें मला ठाऊक नाहीं.

येथें कोणी म्हणेल, पोलिसांची चूक झाली, सर्वत्र होते. बरोबर आहे. परंतु ही चूक कोणत्या जातीची आहे तें पाहिलें पाहिजे. 21 नोव्हेंबर 1974 रोजीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरीं दोन मद्यगृहांत बाँब फुटून 21 माणसें मेलीं. आयरिश क्रांतिकारकांवर संशय होता, आणि इंग्रजांच्या मनांत त्या काळीं आयरिश माणूस म्हणजे बाँबवाला असें समीकरण बसलें होतें. सहा आयरिश माणसें पकडलीं गेलीं. 1975 सालीं त्यांना जन्मठेप झाली. आणि 1991 सालीं, सोळा वर्षांनंतर, तीं निरपराध म्हणून सुटलीं. त्यांचे सोळा वर्षांचे हाल तर झालेच. पण ह्या अवधींत खरे बाँबवाले निर्धास्त राहिले. त्या एकवीस मृतांबद्दल दुसऱ्या कोणासही शिक्षा झाली नाहीं. संशय जेव्हां माणसावरून समाजावर सरकतो, तेव्हां त्याचा पहिला लाभ खऱ्या गुन्हेगाराला होतो. मालेगांवांत तेंच झालें. 2025 साल संपेपर्यंत 2006 च्या आणि 2008 च्या, दोन्ही स्फोटांबद्दल एकाही माणसाला शिक्षा झालेली नव्हती.

आमच्या जिल्ह्याच्या अगदी सीमेवरचें उदाहरण द्यावयाचें तर जालन्याचें देतां येईल. देऊळगांवराजाहून जालना तासाभराच्या वाटेवर आहे. बाजारहाट, दवाखाना, सोयरीक, सर्व कांहीं तिकडे चालतें. 27 ऑगस्ट 2004 रोजीं, शुक्रवारींच, जालन्याच्या कादरिया मशिदीवर बाँब फेकला गेला. त्याच दिवशीं परभणी जिल्ह्यांतील पूर्णा येथेंही मशिदीवर हल्ला झाला. परभणीच्या मोहम्मदिया मशिदींत त्यापूर्वींच, 21 नोव्हेंबर 2003 ला, स्फोट झाला होता. मग 6 एप्रिल 2006 रोजीं नांदेडला एका घरांत स्फोट होऊन दोन हिंदु तरुण मेले. बाँब बनवीत असतां तो हातांत फुटला, असा तपास करणाऱ्यांचा आरोप होता. तो खटला जवळजवळ एकोणीस वर्षें चालला आणि जानेवारी 2025 मध्यें हयात असलेले सर्व आरोपी सुटले. ही सगळी मालिका बुलढाण्याच्या शेजारची. पण येथल्या दहा सुशिक्षितांना विचारा, त्यांतल्या आठांना ती आठवणार नाहीं. मुंबईचे स्फोट मात्र तिथीवारासह आठवतील. आठवण हीदेखील निवड करीत असते.

2008 च्या मालेगांव स्फोटाचा तपास हेमंत करकरे ह्यांनीं केला. हिंदु जहालांकडे संशयाची सुई त्यांनीं वळविली, आणि त्याबद्दल त्यांना राजकारणी लोकांच्या कडव्या टीकेला तोंड द्यावें लागलें. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीं पाकिस्तानांतून आलेल्या हल्लेखोरांच्या गोळ्यांनीं मुंबईंत ते ठार झाले. एकच माणूस, त्यानें एका धर्माच्या नांवावर चालणाऱ्या दहशतीचा तपास केला, आणि दुसऱ्या धर्माच्या नांवावर चालणाऱ्या दहशतीनें त्याचा जीव घेतला. त्यांनीं उभा केलेला खटला न्यायालयांत टिकला नाहीं, हें खरें. तीनशेंहून अधिक साक्षीदार तपासले गेले व त्यांतले तीसाहून अधिक फितूर झाले. पुरावा अपुरा ठरला. आणि न्यायालयानें सोडलेल्या माणसांना आपण निर्दोषच मानलें पाहिजे. माझी मागणी इतकीच आहे कीं, हें औदार्य दोन्ही निकालांच्या वांट्यास सारखें यावें.

"परंतु मुसलमानांत दहशतवादी नाहींत काय?" हा प्रश्न येणारच. आहेत. 12 मार्च 1993 ला मुंबईंत 257 माणसें मारणारा कट कोणीं रचला हें न्यायालयांत सिद्ध झालें आहे. त्यापूर्वींच्या डिसेंबर-जानेवारींतील दंगलींत जे शेंकडों मुसलमान मारले गेले, त्यांच्या खुनांबद्दल शिक्षा झाल्या त्या नगण्य, हेंही त्याच वहींत लिहून ठेवावें लागतें. आणि 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर जें घडलें तें तर विसरूंच नये. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठीं जागा देण्यास मुंबईच्या मुसलमान कब्रस्तानाच्या विश्वस्तांनीं साफ नकार दिला. प्रेतें एक वर्षाहून अधिक काळ शवागारांत पडून राहिलीं; अखेर जानेवारी 2010 मध्यें सरकारनें त्यांचें गुपचुप दफन उरकलें. ह्यापरता स्पष्ट निषेध कोणता समाज करूं शकतो? तरीही "हे लोक निषेध कां करीत नाहींत?" हा प्रश्न आपल्याकडे अद्याप ताजा आहे.

स्फोटाचा आवाज मोठा असतो, म्हणून त्याची चर्चा होते. त्याला लागणारी दारू मात्र निमूटपणें सांठत असते. 2 जून 2014 रोजीं पुण्यास हडपसर येथें सोलापूरचा एक तरुण संगणक-अभियंता नमाज आटोपून घरीं जात असतां जमावानें त्याला ठार मारलें. शिवाजीमहाराज व बाळासाहेब ठाकरे ह्यांचीं विटंबना केलेलीं चित्रें कोणीं तरी फेसबुकावर टाकलीं होतीं. ह्या तरुणाचा त्याच्याशीं काडीचाही संबंध नव्हता. त्याला दाढी होती व डोक्यावर टोपी होती, एवढीच त्याची ओळख मारणाऱ्यांना पुरली. जानेवारी 2023 मध्यें त्या खटल्यांतील आरोपीही पुराव्याअभावीं सुटले. त्याच वर्षीं, 10 सप्टेंबरला, सातारा जिल्ह्यांतील पुसेसावळी गांवीं अशाच एका मजकुरावरून जमाव मशिदींत शिरला व एक तरुण प्राणास मुकला. आमच्या शेजारचें अकोलें 2023 च्या मे महिन्यांत पेटलें, जूनमध्यें कोल्हापूर. 2025 च्या मार्चमध्यें नागपूर, औरंगजेबाच्या कबरीवरून. तीनशें वर्षांपूर्वीं मेलेल्या बादशहाचा हिशेब फळवाल्याच्या गाडीवर चुकता होतो, हा आपल्या काळाचा चमत्कार!

हा चमत्कार आपल्यापुरताच आहे असेंही नाहीं. इंग्लंडांत साउथपोर्ट येथें 29 जुलै 2024 रोजीं तीन लहान मुलींची हत्या झाली. खुनी परदेशांतून आलेला मुसलमान आहे अशी अफवा घटकाभरांत पसरली, व दुसऱ्या दिवशीं जमावानें तेथील मशिदीवर हल्ला केला. खुनी मुसलमान नव्हता, आणि जन्मला होता तो ब्रिटनमध्यें, कार्डिफला. पुढें आठवडाभर गांवोगांव दंगली होत राहिल्या. त्याच देशांतला दुसरा प्रसंग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. 19 जून 2017 च्या मध्यरात्रीं लंडनच्या फिन्सबरी पार्क भागांत एका गोऱ्या माणसानें नमाजाहून परतणाऱ्या लोकांच्या अंगावर मोटार घातली. एक जण मेला. खवळलेल्या लोकांनीं त्या माणसाला धरलें, तेव्हां तेथला इमाम मध्यें पडला व पोलीस येईपर्यंत त्यानें त्या खुन्याचें रक्षण केलें. आठ महिन्यांच्या आंत खटला उभा राहिला व जन्मठेप झाली. जमावानें त्याला तेथेंच मारलें असतें तर ही शिक्षा झाली नसती. आणखी एक दंगल तेवढी झाली असती.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळतों, कारण ज्या इतिहासाच्या नांवानें हें सर्व चालतें त्याचा एक उगम येथें आहे. सिंदखेडराजा हें जिजाऊंचें माहेर. त्यांचे वडील लखुजी जाधवराव निजामशाहीचे मोठे सरदार. 1629 सालीं देवगिरीच्या किल्ल्यांत निजामशहानें दगा करून लखुजींचा व त्यांच्या मुलांचा खून करविला. विश्वासघाताची ही हकीकत खरी आहे, आणि ती झांकण्याचें कारण नाहीं. पण ज्यांचा खून मुसलमान राजानें केला, त्या लखुजींची समाधि सिंदखेडास जाऊन पाहा. कमानी आणि घुमट असलेली ती प्रचंड दगडी वास्तु दख्खनच्या सुलतानी मकबऱ्यांच्या धाटणीची आहे. वैरी कोण हें जाधवांच्या वंशजांना पक्कें ठाऊक होतें. तो निजामशहा होता, कमान नव्हे. जिजाऊंच्या यजमानांचें नांव शहाजी आणि त्यांच्या धाकट्या भावाचें शरीफजी. नगरच्या शाहशरीफ पिराच्या कृपेनें मुलगे झाले म्हणून मालोजींनीं हीं नांवें ठेविलीं, असें परंपरा सांगते. शिवाजीमहाराजांच्या पूर्ण नांवांत ही पिराची खूण आहे, आणि ती दरवर्षीं जयंतीला उच्चारली जाते. असलें कांहीं सांगणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांना 2015 च्या फेब्रुवारींत कोल्हापुरांत गोळ्या घालण्यांत आल्या, व त्यापूर्वीं, 2013 च्या ऑगस्टांत, पुण्यास डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांना. दाभोलकरांच्या खुनाबद्दल मे 2024 मध्यें दोघांना जन्मठेप झाली. मुसलमानांचा धाक दाखवून जी बंदूक घरांत ठेविली जाते तिची नळी घरच्यांकडेही वळते.

बुलढाण्याजवळ पिंपळगांव सराईला सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथें यात्रा भरते. महाराष्ट्रांतून व बाहेरून लाखों माणसें येतात. त्यांत हिंदु कदाचित् अधिकच असतील. होळीच्या दिवशीं नारळांची होळी पेटते आणि नंतर संदल निघतो. मनोरुग्णांना तेथें घेऊन येतात, त्यांत अंधश्रद्धेचा भाग मोठा आहे व त्याविषयीं मला कौतुक नाहीं. शिवाय असल्या यात्रा दाखवून "पाहा आमचा सलोखा" म्हणण्याची जी रीत पडली आहे, तिचाही मला वीट येतो. दर्ग्याची राख कपाळीं लावणारा माणूस बुलढाण्यास परत आल्यावर आपली रिकामी खोली मुसलमान मास्तराला भाड्यानें देईलच असें नाहीं. 2011 च्या शिरगणतीप्रमाणें ह्या जिल्ह्यांत दर शंभर माणसांत तेरा-चौदा मुसलमान आहेत. खामगांवच्या, मलकापूरच्या बाजारांत ते रोज भेटतात. पण आपल्या जेवणाच्या पंक्तींत शंभरांतले किती बसतात, ह्याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या घरापुरता करावा. ज्याला आपण ओळखत नाहीं त्याच्याविषयींच कोणतीही गोष्ट खरी वाटूं शकते.

शेवटीं एक आठवण, जी माझ्या पिढीनें पाहिलेली नसून ऐकलेली आहे. 30 जानेवारी 1948 रोजीं दिल्लींत एका मराठी ब्राह्मणानें महात्मा गांधींचा खून केला. त्यानंतरच्या दिवसांत साताऱ्याकडे, सांगलीकडे, कोल्हापुराकडे शेंकडों ब्राह्मण कुटुंबांचीं घरें जाळण्यांत आलीं. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' ह्या कादंबरीचा विषय हाच आहे. खून करणारा एक, कटांत सामील मूठभर. आणि ज्यांचीं घरें जळलीं ते खेड्यांतले कुलकर्णी, शिक्षक, भिक्षुक. त्यांचा अपराध म्हणजे त्यांचें आडनांव. त्या वेळीं त्यांना कोणीं विचारलें नाहीं कीं, तुम्हीं ह्या खुनाचा निषेध केला होता काय. आणि विचारलें असतें तरी उत्तर ऐकून घेण्यास जमाव थांबला नसता. पुष्कळ कुटुंबांनीं गांव व वतन सोडलें तें कायमचें. तीं पुण्यास आलीं, मुंबईस आलीं, दोन खोल्यांत राहिलीं, मुलें शिकविलीं, हळूहळू स्थिरावलीं. त्यांच्या नातवांनीं आतां सहकारी गृहसंस्था उभारल्या आहेत, आणि त्यांतल्या कांहींच्या कार्यालयांत भाडेकरूच्या अर्जावरचें आडनांव आधीं वाचलें जातें.